राघोच्या तोंडी

वस्तरा गळ्याच्या घाटीवर टेकला होता, आणि नेमकं त्याच वेळी शहापूरच्या बाजारातल्या त्या न्हाव्याने जयरामला त्याच्याच मेलेल्या बापाचं, राघोचं, भाषण म्हणून दाखवायला सुरुवात केली. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, खुर्चीत कोण बसलंय ते! मराठी शाळेतला मास्तर, दर रविवारी येतो, गप बसतो, निघून जातो, एवढीच ओळख. "मास्तर, तुमी ऐकलंय का वो ह्ये? काय बोल्लाय गडी!" असं म्हणत त्याने डाव्या हाताने जयरामची हनुवटी वर उचलली, घसा खाकरला आणि सुरू केलं, "हे वनाधिकाऱ्या! ज्या गिरिशिखरांनी आमच्या पितरांच्या अस्थी उदरी धरल्या, त्यांच्या तृणाला तू कुंपण घालतोस?" प्रत्येक वाक्याच्या शेवटी वस्तरा वर उचलला जाई आणि पुढच्या वाक्याला पुन्हा गळ्यावर येई. जयरामला हलायची सोय नव्हती. तोंडाला साबणाचा फेस, मान मागे, डोळ्यांसमोर पत्र्याचं छप्पर, आणि कानात बाप. नव्हे, बाप कसला! बापाच्या तोंडात कोंबलेला जयरामचा जुना गुरू, कमळाकर मास्तर. न्हावी म्हणाला, येत्या पुनवेला म्हसा गावच्या जत्रेत ह्या कमळाकर मास्तरांचा मोठा सत्कार आहे, मांडव पडलाय, यंदा आपलं सरकार आलंय ना, आणि त्या राघोची विधवा स्वतःच्या हाताने मास्तरांना हार घालणार आहे. जयराम म्हणाला, "आटप लवकर." एका कानामागे साबण तसाच राहिला होता, तो त्याला पार घरी पोचल्यावर हाताला लागला.

अस्थी उदरी धरल्या म्हणे! अरे, राघोला उदर म्हटलं तर घरात फिरतो तो उंदीर आठवला असता. तृण म्हटलं तर काय आठवलं असतं देव जाणे. जयराम बाजारातून चालत होता, आणि तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्याला प्रत्येक पावलाला कळत होतं. सतरा वर्षं होत आली त्या गोष्टीला. जयरामच्या गावाच्या, धसईच्या, वरच्या अंगाला, डोंगर जिथे एकदम उभा राहतो तिथे, सरकारने रान राखीव केलं होतं, आणि गावाने ठरवून त्या रानात गवत कापलं होतं. देशभर काय चाललंय ते गावाला अर्धंमुर्धं कळलं होतं. गवत वाळत चाललंय हे मात्र पुरतं कळलं होतं. बाया खाली ओढ्यापाशी भारे बांधत होत्या. पुरुष वर होते, जयराम बापाच्या मागे उभा होता, मिसरूड फुटायचं वय. फॉरेस्टचा साहेब शिपाई घेऊन आला आणि त्याने विचारलं, पुढारी कोण? कुणीच बोलेना. सगळ्यांच्या पुढे राघो होता, तो पुढारी म्हणून नव्हे, तर त्याचा कापणीचा पट्टा सगळ्यांच्या पुढे गेला होता म्हणून, कापायला हात चलाख होता त्याचा. साहेबाने त्याच्याकडे बोट केलं. राघोने विळा खाली ठेवला, लंगोटीला हात पुसले आणि म्हणाला, "साहेब, गुरं उपाशी हायत. दुसरं काय नाय." एवढंच. मग थोबाडीत बसली, मग वेताच्या छड्या, मग चावडी. "गुरं उपाशी हायत" हे त्याने भीत भीत सांगितलं नव्हतं की गर्जून सांगितलं नव्हतं. शेजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं होतं. जयरामला त्या आवाजाची पट्टी आजही लावून दाखवता आली असती, पण कुणाला हवी होती ती?

कमळाकर मास्तरांना तर नकोच होती. मुरबाडच्या शाळेत ते इंग्रजी आणि इतिहास शिकवीत. गोरा, किडकिडीत, गळाबंद कोटातला माणूस, बोलायला लागला की घंटा होऊनही मुलं उठत नसत. त्यांच्या टेबलावर तपकिरी कापडी बांधणीचं एक जाड इंग्रजी पुस्तक कायम असे. रोममधल्या एका जुन्या इतिहासकाराचं. मास्तर त्याचं नाव घेत नसत; नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बाईसारखे लाजून "आमचा रोमन" म्हणत. आमचा रोमन म्हणतो, राजाला भ्यायलेली माणसं राजा मेल्यावरच खरं बोलतात. आमचा रोमन सुरुवातीलाच सांगतो, मी राग धरणार नाही की लोभ धरणार नाही, आणि मग बघा रे, पानोपानी कसा दात खातो! जयराम तेव्हा पहिल्या बाकावर बसून हे सगळं पीत असे. खोटं कशाला बोला, प्रेम होतं त्याचं मास्तरांवर. एकदा मास्तरांनी सांगितलं, ह्या रोमनाचा सासरा दूरच्या एका बेटावर सुभेदार होता. तिथल्या डोंगरी लोकांशी लढाई झाली, लोक हरले, मेले. आणि आमच्या रोमनाने काय केलं? त्या शत्रूच्या सरदाराच्या तोंडी लढाईआधीचं एक भाषण घातलं. असं भाषण की खुद्द रोमला त्यात शिव्याशाप! "ते कुणी ऐकलं होतं, गुरुजी?" जयरामने विचारलं होतं. मास्तर हसले. "कुणीच नाही. पण प्रसंगच तसा होता. माणूस जे बोलला ते बखरीत जात नाही, जयराम. जे बोलायला हवं होतं ते जातं." आणि मग हात पसरून त्यांनी सगळं जग त्या एका माणसाच्या पदरात घातलं. अठराशे वर्षं, अरे, जो कुणी इतिहास लिहायला बसला त्याने ह्याचंच उष्टं खाल्लं. फ्रेंचांनी खाल्लं, इंग्रजांनी खाल्लं, राजाविरुद्ध उठणाऱ्यांनी खाल्लं आणि राजाची बाजू घेणाऱ्यांनीही. नाटकवाल्यांनी तर ताटं चाटूनपुसून घेतली. मराठीत मात्र अजून कुणाला त्याची चव नाही. बोलता बोलता मास्तरांचे डोळे खिडकीबाहेरच्या डोंगरांकडे गेले होते. जयरामला तेव्हा वाटलं होतं, किती छान बघतात हे! आता तो आठवून म्हणत होता, गिधाड असंच बघतं.

त्या बेटावरचा तो सरदार मुळात होता की नव्हता हेही म्हणे कुणाला ठाऊक नाही. त्याचं बरं आहे. राघो होता.

त्या लढ्यावर मास्तरांनी लिहिलेलं पुस्तक निघालं तेव्हा जयराम ट्रेनिंग करून नुकताच नोकरीला लागला होता. मास्तरांनी प्रत पाठवली, आणि त्याने ती चुलीपुढे बसून बापाला वाचून दाखवली. गवताची सगळी हकिगत चार पानांत, आणि राघोचं भाषण सहा पानांत. राघो गुडघ्यांना मिठी मारून ऐकत होता. संपल्यावर त्याने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाला, "मी येवडं बोल्लो?" आणि पुन्हा थोड्या वेळाने, "पितर म्हंजे आपलं वाडवडीलच ना? मंग बरं लिवलंय." पण धोंडूबाई, जयरामची आई, जी त्या दिवशी खाली ओढ्यापाशी भारे बांधत होती आणि जिच्या कानावर वरचं काहीच आलं नव्हतं, ती पदर तोंडाशी धरून नवऱ्याकडे बघतच राहिली होती. वीस-बावीस वर्षं ह्या मुक्या माणसाचा संसार केला, आणि हा एवढं बोलतो? मला कधी सांगितलं नाय ते! त्या रात्रीपासून ती त्याच्याशी बोलताना मान जरा तिरपी करी, नव्या नवरीसारखी. तिने जयरामकडून ते भाषण पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. जात्यावर बसली की तिच्या तोंडून ते अर्धंमुर्धं, शब्द फोडून, ओवीच्या चालीवर निघे. लग्नकार्यात लोक राघोला धरून बसवत, बोल की रे, म्हणत. राघो हसून विडी पेटवी. जयरामला तेव्हाच कळायला हवं होतं, की हे असलं फुकट मिळालेलं महागात पडतं.

आणि पडलंच. बेचाळीस सालच्या धामधुमीत कुणीतरी तारा तोडल्या, खांब पाडले. पोलिसांना माणूस हवा होता. तोडणारे जंगलात, सापडतात कशाला? पण पुस्तकात पुढाऱ्याचं नाव, गाव, बापाचं नाव, सगळं सुबक छापलेलं होतं, आणि सहा पानं राजद्रोह. राघोला भाताच्या खाचरातून उचलला. फिरतीवरच्या मॅजिस्ट्रेटाने बंगल्यात खटला चालवला. बायांना आत मज्जाव होता, धोंडूबाई फाटकाबाहेर जांभळीखाली बसून होती. आत साक्षीला कमळाकर मास्तर. साहेबाने सरळ विचारलं, हे भाषण ह्या माणसाने केलं की तुम्ही रचलं? एका वाक्याचं काम होतं! मी रचलं, साहेब, इतिहासकार रचतात, ती रीत आहे, दोन हजार वर्षांची रीत आहे. वर्गात तासभर सांगायचे तेच दोन मिनिटं तिथे सांगायचं होतं. पण रचलं म्हटलं असतं तर राजद्रोह रचणाऱ्याचा झाला असता. मास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी केवळ नोंद केली आहे." जयराम भिंतीपाशी उभा होता, तो ओरडला, की खोटं आहे, माझा बाप असं काही बोलला नाही, मी होतो तिथे! साहेब म्हणाला, पोरगा बापासाठी बोलणारच, आणि शिपायांनी त्याला दंडाला धरून गप्प केलं. मग साहेबाने राघोलाच विचारलं. आणि राघोने काय करावं? त्याने मास्तरांकडे बघितलं. शिकलेला माणूस, आपल्या पोराचा गुरू, त्याने लिहिलेलं खोटं कसं असेल? आपल्याच ध्यानात नसेल. आमच्याकडची ही खोड. तलाठ्याने सांगितलं की आपलं वय तेवढं, भटजीने सांगितलं की आपली रास ती, आणि मास्तराने लिहिलं की आपण तसे बोललो. राघो हात जोडून म्हणाला, "मास्तर म्हनतात तर बोल्लो असंन."

दोन वर्षांची शिक्षा झाली, आणि सहाव्या महिन्यात हगवणीने तो आतच गेला. शेवटच्या भेटीला तो गजांमागून जयरामला म्हणाला होता, "तुज्या आयेला सांगू नको हां, मी नाय बोल्लो त्ये. ती लई खूश हाय त्या बोलन्यावर." हे वाक्य गेली चार वर्षं जयरामच्या छातीवर बसून होतं. ते घेऊन तो शाळेत जाई, फळ्यावर तारीख लिही, मुलांची प्रार्थना घेई. आईला एवढंच ठाऊक होतं, की तिच्या वाघासारख्या नवऱ्याचं बोलणं मास्तराने लिहिलं आणि वेळ आली तेव्हा त्याच मास्तराने शेपूट घातलं. ती रोज सकाळी चूल पेटवताना मास्तराला शिव्या घाली. काय एकेक शिव्या! त्याच्या वंशाला, त्याच्या दौतीला, त्याच्या चष्म्याला. तो जाळ होता तिच्या अंगात म्हणून ती हिंडत-फिरत होती, लावणी-कापणी करत होती. जयरामला त्या शिव्या ऐकायला बरं वाटे. ह्या सगळ्या प्रकरणात तेवढंच एक खरं उरलं होतं.

म्हणून तो शनिवारी मिळेल त्या सर्व्हिस मोटारीने आणि पुढे पायी गावी गेला आणि आईला म्हणाला, "हार घालनार म्हनं तू त्याला?" धोंडूबाईने चुलीपुढून मान वर केली. "जानार तर! लोक बोलवायला आलं, मी व्हय म्हनलं. सगळ्या जत्रंदेखत जाईन आन् तोंडावर थुकंन मेल्याच्या." जयराम खळखळून हसला. चार वर्षांत पहिल्यांदा असा हसला असेल.

म्हशाला मांडव गुरांच्या बाजाराला लागूनच होता. पौषाची थंडी, धूळ, बैलांच्या शिंगांना लावलेल्या रंगाचा वास, जिलबीच्या कढया, आणि मधूनच कुणाची तरी बैलाचे दात बघताना झालेली बाचाबाची. व्यासपीठावर कमळाकर मास्तर खुर्चीत बसले होते. थकले होते. केस पिकले होते, पायावर शाल होती. जयरामला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या उजळण्याचाच त्याला जास्त राग आला. लाज नाही, काही नाही! मेल्या म्हशीला मणभर दूध, तसे एकेक वक्ते राघोवर बोलून गेले. गर्जना काय, सिंह काय, सह्याद्री काय. एका पाहुण्याने तर सांगितलं, की ते भाषण झालं तेव्हा झाडांची पानं हलायची थांबली होती. पोरींनी ते कोरसमध्ये म्हटलं. जयरामने मनात सगळं जुळवून ठेवलं होतं: उभा राहीन आणि सांगेन. माझा बाप सात शब्द बोलला. बाकीची सहा पानं ह्या माणसाची. आणि ह्या माणसाने ती कबूल केली नाहीत. त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठला, पुढे आला, आणि पहिल्या रांगेत जमिनीवर बसलेली आई त्याला दिसली. लुगडं नवं नेसली होती. पोरींच्या कोरसबरोबर तिचे ओठ हलत होते ते अजून थांबले नव्हते. डोळ्यांत पाणी होतं, आणि असा काही दिमाख, की राघो तिथेच कुठेतरी उभा आहे आणि अख्खी जत्रा तिच्याकडे बघते आहे.

कसं सांगणार? तोंड उघडलं तर बाप दुसऱ्यांदा मरणार, आणि ह्या खेपेला पोराच्या हाताने. पण राग काही माघारी जात नव्हता. त्याला वाट हवी होती. आणि मग जयरामला वाट दिसली. ती त्याला मास्तरांनीच शिकवली होती, पहिल्या बाकावर बसवून. माणूस जे बोलला ते नाही, जे बोलायला हवं होतं ते. ठीक आहे, गुरुजी. तो जत्रेला उद्देशून म्हणाला, "माझ्या बापाचं बोलणं तुम्ही ऐकलंत. आता मास्तरांचं ऐका. मी होतो त्या खटल्याला, मी ऐकलंय. साहेबाने विचारलं, हे शब्द कुणाचे? तेव्हा हे गुरुजी उठले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, साहेब, जीभ राघोची असेल, पण हात माझा आहे. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. तेव्हा मोठा गुन्हेगार मी. त्या शेतकऱ्याला सोडा, त्याचं भात कापणीला आलंय. आधी माझा हात बांधा!" वाक्यं आपोआप येत होती, एकापुढे एक, तोल सांभाळून, श्वासाची जागा सोडून. "साहेब म्हणाला, खाली बसा. गुरुजी बसले नाहीत. म्हणाले, मी आज बसलो तर माझ्या वर्गातली मुलं जन्मभर बसतील!" प्रत्येक वाक्य बोलताना तो मान वळवून मास्तरांकडे बघत होता. घे. हे तू बोलायला हवं होतंस. हे घे, हेही. मास्तर आधी गोंधळले, मग पांढरे फटक पडले. जयरामला अंगभर गार, गोड वाटलं. आता हा माणूस हजारो लोकांपुढे स्वतःच्या नसलेल्या शब्दांत गुदमरून मरेल. बापाने जशी मान खाली घातली तशी घालेल.

मांडव उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, जयघोष. बाजारातले बैल बिथरले. आणि कमळाकर मास्तर खुर्चीचे हात धरून हळूहळू उठले. त्यांनी लोकांकडे बघितलं. तोंडावर रंग परत येत होता. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, हात जोडले आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "मी विशेष काही केलं नाही. प्रसंगच तसा होता." घेतलं! घेतलं की त्यांनी! अंगरख्यासारखं चढवलं, आणि मापात बसलं. जयराम बघत राहिला. ह्या क्षणापासून हे असंच झालं होतं. उद्या वर्तमानपत्रात येईल, पुढच्या वर्षी पोरी कोरसमध्ये म्हणतील, आणि मास्तर स्वतः मरताना तेच आठवत मरतील. त्याला ओरडायचं होतं, की खोटं आहे, मी होतो तिथे. पण बंगल्यात ते ओरडला तो जयराम वेगळा होता. तेवढ्यात कुणीतरी धोंडूबाईला हाताला धरून वर आणलं. तिच्या हातात झेंडूचा हार होता. ती मास्तरांपुढे उभी राहिली, त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि हार त्यांच्या गळ्यात घातला. मग वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

परतताना ऊन उतरलं होतं. विकत घेतलेले बैल घेऊन माणसं धसईच्या वाटेला लागली होती, आणि त्यांच्यामागून ही मायलेकरं चालली होती. धोंडूबाई बैलांच्या धुळीतून चालत होती. मग वाटेत थांबली. "तू ह्ये मला कदी सांगितलं नाय ते?" ती त्याच्या समोर आली. "चार वर्सं मी त्या मानसाला शिव्या घातल्या रे. त्याची पोरंबाळं काढली. आन् तू आयकत व्हतास. खरं सांग, असं बोल्ला तो? उबा ऱ्हायला माज्या मानसासाठी?"

नाही म्हणायचं होतं. जीभ टाळ्याला लागलीही होती. पण नाही म्हटलं की ती पुढचं विचारणार, ती काही खुळी नाही: मग तू एवढं रचू शकतोस, तर तुझ्या बापाचं कुणी रचलं? तिचे ते पाण्याने धुतलेले म्हातारे डोळे त्याच्या तोंडावर खिळले होते.

"बोलला, आये," जयराम म्हणाला.

धोंडूबाईने मान हलवली. दोनदा. पदराने नाक पुसलं. मग चालायला लागली, पण पाय ओढत, येताना आली होती तशी नाही. एकाएकी फार म्हातारी दिसायला लागली. थोडं पुढे जाऊन, त्याच्याकडे न बघताच, ती म्हणाली, "मंग आता सकाळी उठून मी शिव्या घालू कोनाला, सांग."